गेला एकदाचा!

मंडळी, १२ ऑगस्ट २०२१ रोजी बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या ख्रिस डेव्हिसने निवृत्ती जाहीर केली. मोठा खेळाडू निवृत्त होतो तेव्हा काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. सचिनने वानखेडेवर भाषण केलं त्या दिवशी इथले निम्मे लोक टीव्हीपुढे डोळे पुसत बसले असतील. बाल्टिमोरमध्ये त्या दिवशी कुणी डोळे पुसले नाहीत. आमचा मॅच बघणारा एक गट आहे, त्यातल्या नागपूरच्या मित्राचा मला फोन आला. हॅलो नाही, काही नाही. म्हणाला, "गेला रे, एकदाचा गेला!" आणि मी म्हणालो, "सुटलो बाबा."

वास्तविक आमचं त्या माणसाशी काही भांडण नव्हतं. डेव्हिसने कुणाला फसवलं नाही, तो कुणाशी उर्मटपणे बोलला नाही, संघ सोडून शत्रूकडे गेला नाही. उलट त्याच्यावर आमचा फार जीव होता. मग एवढं हायसं का वाटलं? आजचं बोलणं तेवढ्यापुरतंच आहे.

मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, "बेसबॉल कळत नसेल तर चालेल ना?" चालेल. एवढंच धरून चला की पिचर चेंडू टाकतो आणि बॅटर मारतो. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणायचं. चेंडू कुंपणापार गेला की होमरन, म्हणजे आपला षटकार, पण याची किंमत षटकारापेक्षा पुष्कळ जास्त. आणि बॅटरची सरासरी मोजायची ती दर हजारी. फटका मारून फर्स्ट बेस, म्हणजे पहिला टप्पा, सुखरूप गाठला की ती हिट. दहातल्या तीन वेळा हिट मिळाली की .३००, म्हणजे उत्तम. .२५० ला कुणी नावं ठेवत नाही. .२०० च्या खाली घसरला की घरचे लोकसुद्धा विषय बदलतात.

आता डेव्हिसवर जीव का जडला ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९९८ ते २०११ अशी सलग १४ वर्षं ओरिओल्सने जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले. चौदा वर्षं! त्या काळात शाळेत गेलेलं पोर कॉलेजात पोचलं, पण आपला संघ कधी बरा होता हे त्याने पाहिलंच नाही. अशा संघात २०११ च्या जुलैअखेर टेक्सास रेंजर्सकडून अदलाबदलीत हा डेव्हिस आला. तिकडे त्याचं बस्तान बसलं नव्हतं. इकडून गेला तो कोजी उएहारा नावाचा जपानी पिचर, आणि त्या वेळी बहुतेकांचा सूर 'चांगला माणूस दिला आणि हे काय घेतलं' असाच होता.

मग ६ मे २०१२ उजाडला. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये सामना सुरू झाला तो संपेचना. नऊ इनिंग्जचा खेळ, पण बरोबरी काही सुटत नव्हती. पंधरा झाल्या, सोळावी आली, ओरिओल्सचे पिचर संपले. डेव्हिस त्या दिवशी आठ वेळा बॅटिंगला आला होता. एकही हिट नाही, वर पाच स्ट्राइकआउट. व्यवस्थापकाने त्याच्याच हातात चेंडू दिला. जसा आपल्याकडे रणजीच्या कंटाळवाण्या दुपारी विकेटकीपर पॅड काढून ओव्हर टाकतो ना, तसं. फरक एवढाच, की इथे सामना हातात होता. या पठ्ठ्याने दोन इनिंग्ज टाकल्या, एकही रन दिला नाही, वर दोन गडी स्ट्राइकआउट केले. सतराव्या इनिंगमध्ये बोस्टननेही आपला बॅटर पिचर म्हणून उभा केला. त्याला आमच्या ॲडम जोन्सने तीन रनांचा होमरन मारला आणि सहा तासांहून जास्त चाललेला सामना आम्ही जिंकला. स्कोअरबुकात विजयी पिचर: ख्रिस डेव्हिस. त्या वर्षी ओरिओल्स १९९७ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, पोचले. लोक विचारतात, तुम्ही त्याला एवढी वर्षं का सहन केलंत. अहो, त्या एका दिवसाची उधारीच केवढी होती!

पुढच्या वर्षी, २०१३ ला, त्याने ५३ होमरन मारले. ओरिओल्सच्या इतिहासात एका हंगामात तेवढे कुणी मारलेले नव्हते. 'क्रश' हे त्याचं टोपणनाव शहरभर झालं. २०१४ ला परवानगी न घेता ॲडरॉल हे औषध घेतल्याबद्दल त्याच्यावर २५ सामन्यांची बंदी आली आणि ऐन प्लेऑफमध्ये तो नव्हता. लोक चिडले, पण माफ केलं. आणि मग २०१५. एप्रिलमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी झालेल्या फ्रेडी ग्रे या कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला, बाल्टिमोर पेटलं, कर्फ्यू लागला. २९ एप्रिलचा सामना प्रेक्षकांविना खेळवला गेला. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, असं कधी झालं नव्हतं. कॅमडेन यार्ड्स हे आमचं मैदान पंचेचाळीस हजारांचं, त्या दिवशी एकही तिकीट नाही. पहिल्याच इनिंगमध्ये डेव्हिसने तीन रनांचा होमरन मारला. टीव्हीवर बॅटचा तो टणत्कार इतका स्वच्छ ऐकू आला की अंगावर काटा आला. एरवी गर्दीच्या गजरात तो आवाज कुणाला ऐकू येतो? त्या हंगामात त्याचे ४७ होमरन झाले, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक.

आणि मग त्याचा करार संपला. हा माणूस जाऊ नये असं सगळ्या शहराला वाटत होतं, मालक पीटर अँजेलोस यांना तर फारच वाटत होतं. जानेवारी २०१६ ला करार झाला: सात वर्षं, १६.१ कोटी डॉलर. ओरिओल्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा. वर्षाला २.३ कोटी, त्यातले १.७ कोटी त्या त्या वर्षी आणि उरलेले मागाहून, २०३७ पर्यंत हप्त्याहप्त्याने. आम्ही काय केलं? पेढे वाटायचेच काय ते राहिले.

इथे क्रिकेटवाल्यांनी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे फॉर्म गेला की निवड समिती बसवते. शिव्या पडतात, चर्चा होतात, पण बसवायला पैसे पडत नाहीत. अमेरिकन फुटबॉलमध्येही कराराचा बराच भाग हमीचा नसतो, खेळाडूला काढलं की पुढचे पैसे वाचतात. बेसबॉलमध्ये करार म्हणजे करार. तुम्ही खेळाडूला घरी पाठवलंत तरी शेवटच्या डॉलरपर्यंत पैसे द्यायचे. दुसरा संघ त्याला किमान पगारावर घेऊ शकतो, उरलेलं बिल तुमच्या नावावर. त्यामुळे मालकाचा हिशेब सरळ असतो: पैसे जाणारच आहेत, तर निदान खेळू तरी दे. आपण हौसेने ट्रेडमिल आणतो, चार महिन्यांत त्यावर टॉवेल वाळत पडतात, पण ती विकायची म्हटलं की आठवतं किती हजारांना घेतली होती. ती हॉलमध्ये जागा अडवून बसते आणि आपण तिला वळसा घालून चालतो.

जागा अडते, हेच खरं दुखणं. पैसे मालकाचे, माझ्या खिशातून फक्त तिकीट आणि पार्किंग. पण संघात तेव्हा २५ जणांनाच जागा, आता २६. फर्स्ट बेसवर एकच माणूस उभा राहतो. ट्रे मॅन्सिनी नावाचा आमचा तरणाबांड खेळाडू मूळचा फर्स्ट बेसचा, त्याला डेव्हिसमुळे डाव्या आउटफिल्डमध्ये पळायला लावलं. पोरगा तिथे धडपडायचा आणि आम्ही टीव्हीसमोर हात चोळायचो.

उतरण एका दिवसात झाली नाही. २०१६ ला ३८ होमरन आले, पण स्ट्राइकआउट २१९. कुणी बोललं नाही, कारण संघ प्लेऑफमध्ये गेला होता. (तिथे टोरांटोविरुद्धच्या त्या सामन्यात आमचा सर्वोत्तम पिचर झॅक ब्रिटन शेवटपर्यंत बाकावर बसून राहिला, त्याबद्दल मला विचारू नका, रात्र पुरायची नाही.) २०१७ ला सरासरी .२१५. आणि २०१८ ला .१६८. पात्रतेइतक्या वेळा बॅटिंग केलेल्या कोणत्याही खेळाडूची, मेजर लीगच्या सबंध इतिहासातली सर्वांत कमी सरासरी. आधीचा नीचांक .१७९ होता आणि तो दोघांच्या नावावर होता. याने तो नुसता मोडला नाही, तळघरात नेला. संघही त्या वर्षी ४७ जिंकला आणि ११५ हरला.

असं का झालं? तो डावखुरा, आणि चेंडू ओढून उजवीकडे मारणारा. सगळ्या संघांनी त्याच्यासाठी इनफिल्डमधली तीन माणसं उजव्या बाजूला नेऊन उभी केली. याला शिफ्ट म्हणतात. पूर्वी जे सणसणीत फटके हिट व्हायचे ते आता थेट कुणाच्या तरी ग्लोव्हमध्ये. गंमत अशी की २०२३ पासून लीगने अशा शिफ्टवर बंदी आणली. डेव्हिसच्या नशिबी तेही नव्हतं. पण शिफ्ट हे अर्धंच कारण. साठ फूट सहा इंचांवरून ताशी ९५ मैलांनी आलेला चेंडू बॅटरपर्यंत पोचायला सेकंदाचा चार दशांश लागतो. त्यातला निम्मा वेळ ठरवण्यात जातो. तिशी ओलांडलेल्या माणसाचा क्षणाचा एखादा तुकडा हरवला की खेळ संपतो. तुम्ही त्याला त्या दिवसांत पाहिलं असतंत तर कळलं असतं. सव्वासहा फुटांचा धिप्पाड गडी, बॅट खांद्यामागे धरलेली, तिसरा स्ट्राइक मधोमध येतो आणि हा बॅट हलवतच नाही. अंपायरचा हात वर जातो. हा क्षणभर तिथेच, जणू आणखी एखादा चेंडू मिळेल. मग मान खाली न घालता, कुणाकडे न बघता, डगआउटकडे चालायला लागतो. तो कधी बॅट आपटायचा नाही. आपटली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं.

त्यात भर म्हणजे २०१८ च्या जुलैपासून संघ मोडीत निघाला. मॅनी मचाडोला डॉजर्सकडे पाठवलं, ब्रिटन गेला, स्कूप गेला, वर्षअखेरीस ॲडम जोन्सही गेला. ज्यांना कुणी घ्यायला तयार होतं ते सगळे गेले. डेव्हिसला त्या पगारावर कोण घेणार? ज्यांच्यासाठी आम्ही मैदानावर जात होतो ते दुसऱ्यांच्या जर्सीत, आणि हा मात्र रोज आमच्यासमोर.

मग सुरू झाली ती मालिका. १४ सप्टेंबर २०१८ नंतर त्याला हिट मिळेना. हंगाम संपला, हिवाळा गेला, नवा हंगाम सुरू झाला, तरी नाही. ४ एप्रिल २०१९, घरच्या मैदानावरचा पहिला सामना, यांकीजविरुद्ध. तीन स्ट्राइकआउट आणि सबंध मैदानभर 'बू'. शेवटी त्याच्याऐवजी दुसरा बॅटर पाठवला तेव्हा लोकांनी त्या बदलीला टाळ्या वाजवल्या. माझ्या मते खेळाडूला त्याहून कडू टाळी ऐकावी लागत नाही. ८ एप्रिलला त्याने सलग हिटविना राहण्याचा, पिचर सोडून इतर खेळाडूंमधला, ४६ चा जुना विक्रम मागे टाकला. त्या दिवशी मैदानावर साडेसहा हजारांच्या आसपास माणसं होती. २०१५ चा तो रिकामा सामना सोडला तर एवढी कमी गर्दी कॅमडेन यार्ड्सने पाहिली नव्हती.

मी बू केलं होतं का? केलं होतं, आणि त्याची मला खंत नाही. बू करायचं ते खरं म्हणजे करारावर सही करणाऱ्याला. पण मालक काचेच्या खोलीत बसतो, बॅटिंगला येत नाही. बॅटिंगला जो येतो त्यालाच सगळं ऐकावं लागतं. हा अन्याय आहे, आणि प्रत्येक खेळात तो होतो.

१३ एप्रिलला, पुन्हा त्याच फेनवे पार्कमध्ये, मालिका तुटली. सलग ५४ वेळा रिकाम्या हाताने परतल्यानंतर पहिल्याच इनिंगमध्ये उजवीकडे दोन रनांची हिट. फर्स्ट बेसवर उभा राहून त्याने हसत खूण केली: तो चेंडू जपून ठेवा. ही खूण नवखा पोरगा आपल्या पहिल्या हिटनंतर करतो. त्याच दौऱ्यात बोस्टनच्या एका नऊ वर्षांच्या मुलाने, तोही प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्याने, त्याला पत्र दिलं होतं. खेळ कसा होतो त्यावरून माणूस चांगला की वाईट ते ठरत नाही, अशा आशयाचं. बाल्टिमोरच्या मोठ्या माणसांना जे सुचलं नाही ते बोस्टनच्या पोराला सुचलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. आणि तिथेच खरा घोटाळा झाला. आशा परत आली.

चाहत्याला राग सोसवतो, आशा सोसवत नाही. राग आला की टीव्ही बंद करता येतो. पण दर आठ-दहा दिवसांनी हा एखादा असा होमरन मारायचा की वाटायचं, २०१३ परत आलं. पुन्हा पंधरा वेळा बाद. २०१९ अखेर सरासरी .१७९, करोनाच्या छोट्या हंगामात .११५. मग मांडीच्या खुब्याची शस्त्रक्रिया, २०२१ मध्ये एकही सामना नाही आणि ऑगस्टमध्ये निवृत्ती. कराराचे उरलेले पैसेही संघाने द्यायचे ठरलं. म्हणजे हिशेबात आमचा काडीचा फायदा झाला नाही. तरी हायसं वाटलं, कारण आता रोज संध्याकाळी सात वाजता या माणसाकडून काही अपेक्षा करायची नव्हती.

ही सुटका आमच्या एकट्यांची नाही. बोस्टनने कार्ल क्रॉफर्डला १४.२ कोटी डॉलर देऊन आणलं, दोन वर्षं पुरी व्हायच्या आत ऑगस्ट २०१२ मध्ये आणखी दोन महागड्या करारांसकट डॉजर्सच्या गळ्यात घातलं आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकली. पाब्लो सँडोव्हालची गोष्ट त्याहून मजेशीर. पाच वर्षांचे साडेनऊ कोटी, आणि एका सामन्यात बॅट फिरवताना पठ्ठ्याचा कमरेचा पट्टाच तुटला. २०१७ च्या जुलैत त्याला काढलं, साडेचार कोटींहून जास्त डॉलर देणं बाकी असताना. त्याच महिन्यात थर्ड बेसवर विशीतला राफाएल डेव्हर्स आला, आणि काही आठवड्यांत त्याने पिचर अरोल्डिस चॅपमनच्या ताशी शंभर मैलांच्या वरच्या चेंडूवर होमरन मारला. जागा मोकळी झाली की असं होतं. नेहमी होत नाही, पण एकदा झालं की लोक वर्षानुवर्षं सांगतात.

खेळाडूचीही सुटका असतेच. यांकीजच्या जोई गॅलोने २०२२ मध्ये बदली व्हायच्या सुमारास पत्रकारांना सांगितलं होतं की न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तोंड दाखवायलाही त्याला नको वाटतं. डॉजर्सकडे गेला तेव्हा कोण जास्त सुटलं, चाहते की तो, सांगता यायचं नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे उलटं घडलं. ट्रे मॅन्सिनी, तोच, ज्याला आउटफिल्डमध्ये पिटाळलं होतं. मध्ये त्याला आतड्याचा कर्करोग झाला, पूर्ण २०२० केमोथेरपीत गेलं, परत आला आणि खेळला. ऑगस्ट २०२२ च्या सुरुवातीला संघाने त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं. त्याचे आकडे त्या वर्षी काही फार थोर नव्हते. पण आमच्या गटात दोन दिवस सुतक. तेव्हा मला पटलं की नुसत्या आकड्यांवरून कुणाचं जाणं सुखाचं होत नाही. मॅन्सिनीकडून आम्ही काही मागत नव्हतो, तो उभा होता हेच पुष्कळ होतं. डेव्हिसकडून आम्ही रोज २०१३ मागत होतो.

एक गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी, कारण ती बू करणाऱ्यांना सोयीस्करपणे आठवत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात, त्या भयंकर वर्षाच्या शेवटी, डेव्हिस आणि त्याच्या बायकोने युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडच्या मुलांच्या हॉस्पिटलला ३० लाख डॉलर दिले. ज्या कराराला आम्ही शिव्या घालत होतो त्यातलेच ते पैसे म्हणा ना.

२०२३ ला ओरिओल्सने १०१ सामने जिंकले. प्लेऑफमध्ये आमच्या पहिल्याच फेरीत तीन-शून्याने धुलाई झाली, आणि धुणारा संघ कोण? टेक्सास रेंजर्स. जाऊ द्या. डेव्हिसचे हप्ते अजून चालूच आहेत, २०३७ पर्यंत चालतील. न्यूयॉर्क मेट्सचे चाहते दर १ जुलैला त्यांच्या माजी खेळाडू बॉबी बोनियाच्या नावाने हसतात, त्याला २०३५ पर्यंत दरवर्षी जवळपास बारा लाख डॉलर मिळतात म्हणून. आमचा माणूस त्याच्याही पुढे दोन वर्षं जाणार, याचा आम्हाला आता थोडा अभिमानच वाटायला लागलाय.

काकू, तुम्ही आणखी एक विचारलं होतंत, की तो आता मैदानावर आला तर लोक काय करतील. बाकीच्यांचं माहीत नाही. मी उभा राहून टाळ्या वाजवेन, त्या सतराव्या इनिंगसाठी, त्या रिकाम्या मैदानावरच्या होमरनसाठी, आणि हॉस्पिटलसाठीसुद्धा. हवं तर पहिला चेंडू त्याला टाकू द्या, पिचिंग त्याला चांगलं जमतं. फक्त बॅट देऊ नका हो कुणी त्याच्या हातात.